मोटारसायकलीच्या स्प्रॉकेटचे बोल्ट : योग्य पीळ आणि आटेबंद द्रवाची निवड

वेल्ह्याहून केळदकडे जाणारा डोंगरी रस्ता पासलीवरून जातो. या मुलखात पाऊस भरपूर, जमीन उताराची आणि भाताची खाचरे लहान आहेत. येथील शेतकऱ्याच्या दारी बैलजोडीच्या बरोबरीने, आणि पुष्कळदा तिच्या जागी, आता मोटारसायकल उभी असते. दुधाचे कॅन, बियाण्याची पिशवी, खताचे पोते, फवारणीचा पंप आणि प्रसंगी आजारी माणूस, या सर्वांची ने-आण तिच्यावरच होते. कारखान्याने ही गाडी दोन माणसांच्या प्रवासासाठी बनविलेली असते. डोंगरी गावात मात्र ती मालवाहू गाडीचे काम करते.

अशा गाडीचे इंजिन, ब्रेक व टायर यांकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. परंतु मागील चाकावरील दातेरी चक्र, म्हणजेच स्प्रॉकेट, ज्या चार-सहा बोल्टांनी धरलेले असते त्यांच्याकडे चेन बदलण्याच्या दिवसाखेरीज कोणी पाहत नाही. हे बोल्ट ढिले झाले म्हणजे स्प्रॉकेट तिरके फिरू लागते, चेन दात सोडून वर चढते आणि चक्र व चाक यांच्यामध्ये अडकून बसते. सपाट रस्त्यावर यामुळे खोळंबा होईल. परंतु भरलेल्या कॅनसह घाट उतरताना मागील चाक एकाएकी जाम झाले तर दूधही जाते आणि माणूसही जायबंदी होतो. हा धोका टाळण्यास खर्च फार थोडा लागतो. त्याकरिता दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत : बोल्टला द्यावयाचा पीळ आणि आट्यांत घालावयाचा द्रव.

स्प्रॉकेटवर येणारा भार

प्रथम भाराचा हिशेब पाहणे उपयुक्त ठरेल. गाडीचे वजन ११० किलो, चालकाचे ६५ किलो आणि दूध व कॅन मिळून ८० किलो, असे एकूण २५५ किलो वजन आठास एक अशा चढावर नेण्यासाठी मागील चाकाच्या परिघावर सुमारे ३२ किलोचा जोर लागतो. चाकाची त्रिज्या सुमारे ३० सेंटीमीटर असते. ४३ दात व अर्धा इंच अंतराची चेन असलेल्या स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे ८.७ सेंटीमीटर भरते. म्हणून चेनवर येणारी ओढ ३२ किलो नसून सुमारे ११० किलो होते. स्प्रॉकेटचे बोल्ट याहूनही आत, केंद्रापासून सुमारे ४.५ सेंटीमीटर अंतरावर असतील, तर त्या ठिकाणी हाच भार सुमारे २१३ किलो होतो.

हा आकडा गाडी संथपणे चढ चढत असतानाचा आहे. क्लच झटक्याने सोडला, खड्ड्यात चाक आपटले किंवा गिअर घाईने बदलला, तर तो क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. शिवाय उतारावर इंजिनाचा अवरोध वापरला म्हणजे भाराची दिशा उलटते. चढावर एका बाजूस आणि उतारावर दुसऱ्या बाजूस, असे हे स्प्रॉकेट दिवसातून शेकडो वेळा ओढले जाते. सपाटीवरील गाडीपेक्षा डोंगरी गावातील गाडीचे बोल्ट लवकर ढिले होण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

बोल्ट कशाच्या बळावर धरतो?

बोल्ट म्हणजे भोकात घातलेली खुंटी असून ती चक्राला अडवून धरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. हे समजण्यासाठी बैलगाडीच्या चाकाकडे पाहावे. लोहार लोखंडी धाव भट्टीत लाल करतो, चाकावर चढवितो आणि तीवर पाणी ओततो. थंड होताना धाव आकसते व पाटे, आरे आणि तुंबा या सर्वांना कवळून धरते. धाव डिंकाने चिकटविलेली नसते. तिच्यात निर्माण झालेला ताणच चाक एकसंध राखतो.

बोल्टचेही तसेच आहे. नट पिळला म्हणजे पोलादी बोल्ट केसभर ताणला जातो आणि पूर्ववत आखूड होण्याच्या प्रयत्नात स्प्रॉकेटला त्याच्या बैठकीवर आवळतो. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला २२ न्यूटन-मीटर पीळ दिला तर त्याच्यात सुमारे १,४०० किलोचा ताण येतो. चार बोल्टांचा मिळून दाब ५,६०० किलो होतो. पोलादाचे पोलादावरील घर्षण दाबाच्या शेकडा १५ धरले, तर स्प्रॉकेट सुमारे ८४० किलो भारापर्यंत तसूभरही सरकणार नाही. वर काढलेला भार २१३ किलो होता. म्हणजे योग्य पीळ दिलेले बोल्ट जवळजवळ चौपट भार सोसू शकतात.

आता बोल्टांतील ताण पाव झाला असे समजा. धरून ठेवणारे घर्षण २१० किलोवर येते आणि साध्या चढावरही स्प्रॉकेट सरकू लागते. ताण अर्धा राहिला तरी क्लचच्या झटक्याला तो पुरत नाही. तात्पर्य, बोल्ट पूर्ण निघून पडेपर्यंत धोका नाही असे मानणे चुकीचे आहे. बोल्ट जागेवर दिसत असतानाच त्यातील ताण गेलेला असू शकतो.

बोल्ट ढिला का होतो?

याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण बैठकीचे. वैशाखात लाकूड सुकून आकसले म्हणजे बैलगाडीची धाव ढिली होते, हे शेतकरी जाणतो. त्याचप्रमाणे स्प्रॉकेट व त्याची बैठक यांच्यामध्ये वाळलेला चिखल, गंज, रंगाचा जाड थर किंवा जुने ग्रीस राहिले, तर काही दिवसांत तो थर चेंगरतो आणि बोल्टमधील ताण उतरतो. बोल्टचा नट या अवस्थेत जराही फिरलेला नसतो. तरीही पकड गेलेली असते.

दुसरे कारण आडव्या सरकण्याचे. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दाखविले की, बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या हादऱ्यांपेक्षा त्याच्या आडव्या दिशेने होणारी हालचाल नट फार लवकर उलगडते. जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकले म्हणजे आट्यांतील घर्षण क्षणभर निष्प्रभ होते आणि नट प्रत्येक धक्क्यास थोडा थोडा उलटा फिरतो. स्प्रॉकेटवर नेमकी अशीच आडवी ओढ असते. याच प्रकारच्या चाचण्यांत साधे स्प्रिंग वायसर नट उलगडण्यास फारसा प्रतिबंध करीत नाही असेही आढळले आहे. म्हणून केवळ स्प्रिंग वायसर घातला आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

तिसरे कारण झिजेचे. पुष्कळ गाड्यांत स्प्रॉकेटची बैठक आणि चाकाचा तुंबा यांच्यामध्ये झटके शोषून घेणारे रबराचे तुकडे असतात. ते झिजले, किंवा चेन फार सैल अथवा फार ताठ राहिली, तर प्रत्येक झटका थेट बोल्टांवर येतो. अशा वेळी बोल्ट कितीही पिळले व कितीही द्रव घातला तरी दोष मूळ ठिकाणीच राहतो. रबर बदलणे व चेनचा सैलपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे राखणे हा त्यावरील उपाय होय.

आटेबंद द्रव म्हणजे काय?

बाजारात ‘थ्रेडलॉकर’ या नावाने मिळणारा द्रव म्हणजे साधा डिंक नव्हे. डिंक हवेत वाळतो; हा द्रव हवेत ओलाच राहतो आणि हवा तुटली व धातूचा स्पर्श झाला म्हणजे घट्ट होतो. आट्यांच्या फटीत तो नेमका याच अवस्थेत सापडतो. तेथे त्याचे कठीण प्लास्टिकसारख्या पदार्थात रूपांतर होते, तो आट्यांमधील मोकळी जागा भरून काढतो आणि नटास उलटे फिरू देत नाही. शिवाय पाणी आट्यांत शिरत नसल्यामुळे गंजही रोखला जातो. पावसाळी मुलखात हा लाभ लहान नाही.

अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली असा द्रव बाटलीत टिकून राहील या स्वरूपात तयार केला. १९५६ साली तो ‘लॉकटाइट’ या नावाने जाहीर झाला. आज अनेक कारखाने असे द्रव तयार करतात. परंतु कारागीर कोणत्याही कारखान्याच्या द्रवास बहुधा त्याच नावाने ओळखतात. या द्रवाची बाटली नवी असतानाही पूर्ण भरलेली नसते, याबद्दल ग्राहकास शंका येते. बाटलीत हवा राहावी म्हणून ती मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. हवा नसेल तर द्रव बाटलीतच घट्ट होईल. याच कारणास्तव धातूला लागलेला किंवा बोल्टवरून ओघळलेला द्रव पुन्हा बाटलीत ओतू नये, आणि बाटलीचे तोंड मळक्या आट्यांना टेकवू नये.

येथे एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. हा द्रव बोल्टमध्ये ताण निर्माण करीत नाही. पकड येते ती पिळामुळे. द्रव केवळ त्या पकडीची राखण करतो. ढिल्या बोल्टवर द्रव ओतणे म्हणजे दाणे नसलेल्या कणगीस कुलूप लावण्यासारखे आहे.

द्रवाची निवड

आटेबंद द्रव निरनिराळ्या बळाचे असतात व ते ओळखण्यासाठी त्यांना रंग दिलेले असतात. सर्वसाधारण संकेत पुढीलप्रमाणे आहे.

१. जांभळा, कमी बळाचा : ६ मिलिमीटरपेक्षा लहान स्क्रूंसाठी. स्प्रॉकेटच्या कामास तो अपुरा पडतो.

२. निळा, मध्यम बळाचा : ६ मिलिमीटर व त्याहून जाड बोल्टांसाठी. साध्या पान्याने बोल्ट पुन्हा उघडता येतो. स्प्रॉकेटच्या बोल्टांस बहुधा हाच योग्य होय.

३. लाल, अधिक बळाचा : कायम बसवावयाच्या जोडांसाठी. बोल्ट उघडण्यास तो भाग सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो.

४. हिरवा, पातळ व झिरपणारा : अगोदरच बसविलेल्या बोल्टांच्या आट्यांत बाहेरून झिरपविण्यासाठी.

रंगाचा संकेत सर्व कारखाने सारखाच पाळतात असे नाही. हिरव्या रंगात इतर कामांचेही चिकटद्रव मिळतात. म्हणून केवळ रंगावर न जाता वेष्टनावर छापलेले बळ, बोल्टची जाडी व उपयोग वाचून खरेदी करावी.

अधिक बळाचा द्रव अधिक चांगला असेल, असे पुष्कळांना वाटते. परंतु स्प्रॉकेट हा झिजणारा भाग आहे. तो केव्हा ना केव्हा बदलावा लागतोच. लाल द्रव लावलेला बोल्ट उघडण्यासाठी आच दिली म्हणजे जवळचे रबर, तेलाची सील व चेनमधील वंगण खराब होते. आच न देता जोर केला तर बोल्टचे डोके झिजते किंवा बोल्ट तुटून अर्धा आत राहतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले नसेल तर स्प्रॉकेटला लाल द्रव वापरू नये.

पुढील ठिकाणी द्रव मुळीच लावू नये. ज्या नटाच्या तोंडाशी नायलॉनचे कडे बसविलेले असते तो स्वतःच आटे धरणारा नट असतो. त्याचे कडे सैल झाले असेल तर नवा नट घालावा. हा द्रव काही प्लास्टिकांना तडे पाडतो; म्हणून प्लास्टिकच्या भागांवर तो सांडू देऊ नये. जेथे कान दुमडून नट अडविणारी पत्री दिलेली आहे, तेथे ती पत्री नवी घालून दुमडणे हीच मूळ योजना पाळावी.

पीळ किती द्यावा?

गाडीच्या पुस्तिकेत त्या बोल्टसाठी दिलेला आकडा हाच अंतिम समजावा. पुष्कळदा तो पुढील आकड्यांपेक्षा अधिक असतो. पुस्तिका उपलब्ध नसेल तरच, साध्या षट्कोनी डोक्याच्या बोल्टांसाठी सर्वसाधारणपणे वापरले जाणारे पुढील आकडे आधारास घ्यावेत.

६ मि.मी. बोल्ट : १० न्यूटन-मीटर
८ मि.मी. बोल्ट : २२ न्यूटन-मीटर
१० मि.मी. बोल्ट : ३४ न्यूटन-मीटर

हे माप बोल्टच्या आट्यांच्या जाडीचे आहे, पान्यावर छापलेले नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पिळाचा फार मोठा भाग घर्षणातच खर्च होतो. सुमारे निम्मा डोक्याखाली व शेकडा ४० आट्यांत जातो. ताण निर्माण करण्यास केवळ शेकडा १० उरतो. यावरून आटे मळलेले असले तर काय होईल हे सहज कळेल. पान्यावर जोर तेवढाच लागतो, परंतु ताण मात्र येत नाही. याउलट आट्यांत तेल असेल तर त्याच पिळाने ताण फाजील वाढतो. घर्षण चतुर्थांशाने कमी झाले तर ताण एक-तृतीयांशाने वाढतो. ओला आटेबंद द्रवही आट्यांत थोडेसे वंगणाचे काम करतो. म्हणून द्रव लावल्यावर दिलेल्या आकड्याच्या वर कदापि जाऊ नये. आणि द्रवाबरोबर तेल किंवा ग्रीस लावू नये.

बोल्टची प्रतही तितकीच महत्त्वाची आहे. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठविलेला असतो. या प्रतीचा ८ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे २,३९० किलो ताणापर्यंत कायमचा लांबत नाही. ४.६ या हलक्या प्रतीचा तेवढ्याच जाडीचा बोल्ट मात्र सुमारे ९०० किलोलाच लांबू लागतो. वर सांगितलेल्या पिळाने १,४०० किलो ताण येतो. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला बिनखुणेचा बोल्ट पिळतानाच खेचला जाऊन निकामी होण्याचा संभव असतो. हरवलेल्या बोल्टच्या जागी मूळ प्रतीचाच बोल्ट घालावा. तो फाटकाच्या बिजागरीवरचा काढून घालू नये.

इंजिनाकडील लहान स्प्रॉकेटबाबत एक विशेष सूचना आहे. १०० ते १२५ सी.सी.च्या अनेक गाड्यांत हे चक्र खाचा असलेल्या दांड्यावर बसते व एका पत्रीने अडविलेले असते. पत्रीला ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट असतात. चक्र दांड्यावर किंचित आत-बाहेर हलते. तो दोष नव्हे. हे हलणे बंद करण्यासाठी लहान बोल्टांवर जोर केल्यास ते तुटतात. त्यांना १० न्यूटन-मीटर पीळ व मध्यम द्रवाचा एक थेंब पुरेसा होतो.

टॉर्क पाना नसल्यास

पीळ मोजणारा टॉर्क पाना प्रत्येक घरी असणे शक्य नाही. परंतु आकडी असलेला ताणकाटा गावात बहुधा सापडतो. पीळ म्हणजे ओढ गुणिले अंतर. म्हणून साधा पाना व ताणकाटा यांनी पीळ मोजता येतो.

बोल्टच्या मध्यापासून २० सेंटीमीटर अंतरावर पान्यास खूण करावी. त्या खुणेवर ताणकाट्याची आकडी अडकवावी व पान्याशी काटकोनात सावकाश ओढावे. या अंतरावर न्यूटन-मीटरच्या आकड्याच्या निम्मे किलो ओढ पुरते. म्हणजे ६ मि.मी. बोल्टास ५ किलो, ८ मि.मी. बोल्टास ११ किलो व १० मि.मी. बोल्टास १७ किलो. पाना लहान असेल तर न्यूटन-मीटरच्या आकड्यास १० ने गुणून सेंटीमीटरमधील अंतराने भागावे. उदाहरणार्थ, ८ मि.मी. बोल्ट व १६ सेंटीमीटर अंतर असल्यास २२ गुणिले १० भागिले १६, म्हणजे पावणेचौदा किलो. ओढ तिरपी झाली तर माप चुकते, म्हणून काटकोनाकडे लक्ष द्यावे. पान्याला नळीचा तुकडा जोडून लांबी वाढविली असेल तर अंतरही नव्याने मोजावे.

या मापावरून हेही ध्यानात येईल की, अंगच्या बळाने पान्यावर ३० ते ४० किलोची ओढ देणारा तरुण ८ मिलिमीटरच्या बोल्टास आवश्यकतेच्या तिप्पट पीळ देतो. आटे जातात ते अशानेच.

कामाची पद्धत

काम संध्याकाळचे दूध घालून आल्यावर, उजेड असेल अशा ठिकाणी घ्यावे. इंजिन बंद करून चावी काढून ठेवावी. इंजिन चालू ठेवून व चाक फिरवून चेन पुसण्याची सवय बोटे तोडणारी आहे. ती सर्वथा सोडावी.

१. चाक काढून स्प्रॉकेट सोडवावे. स्प्रॉकेटची मागील बाजू व त्याची बैठक तारेच्या ब्रशने घासून धातू उघडा करावा.

२. बोल्टचे व नटाचे आटे घासून जुन्या द्रवाचे पांढरट कण काढावेत. नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मध्ये अडखळल्यास बोल्ट व नट दोन्ही बदलावेत.

३. आटे ॲसिटोनने किंवा ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्याने धुऊन कोरडे होऊ द्यावेत. डिझेल किंवा रॉकेलने धुतल्यास तेलकट पापुद्रा राहतो व द्रव धरत नाही. जवळ विडी, चूल किंवा दिवा नसावा.

४. बाटली हलवून घ्यावी. नट ज्या आट्यांवर येऊन थांबणार तेथेच एक-दोन थेंब लावावेत. एका बाजूने बंद असलेल्या भोकात बोल्ट बसवावयाचा असेल तर थेंब भोकात आतील आट्यांवर सोडावा. कारण बोल्ट आत जाताना कोंडलेली हवा बोल्टवरचा द्रव बाहेर ढकलते. डोक्याखाली व बैठकीवर द्रव लावू नये.

५. सर्व नट हाताने बसवावेत. नंतर एक सोडून समोरचा, या क्रमाने प्रथम निम्म्या पिळापर्यंत व दुसऱ्या फेरीत पूर्ण पिळापर्यंत आवळावेत. एका बाजूने एकामागून एक आवळल्यास स्प्रॉकेट तिरके बसते.

६. मध्यम बळाचा द्रव बहुधा १० ते ३० मिनिटांत धरू लागतो. परंतु पूर्ण बळ येण्यास २४ तास लागतात. हिवाळ्यात, तसेच स्टेनलेस किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या बोल्टांवर, अधिक वेळ लागतो. सकाळी गाडी नेणे भागच असेल तर निदान रात्रभर ती हलवू नये आणि पहिल्या दिवशी ओझे हलके ठेवावे.

द्रव त्वचेस झोंबू शकतो. हात साबणाने धुवावेत, डोळ्यांस लागू देऊ नये व बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

तपासणी

द्रव घट्ट झाल्यानंतर ‘जरा आवळून पाहू’ म्हणून नटास पाना लावू नये. नट किंचित फिरला तरी आतील पकड तुटते व पुन्हा जुळत नाही. असा नट पूर्ण काढून, आटे साफ करून, नवा द्रव लावूनच बसवावा लागतो.

त्याऐवजी काम संपल्यावर प्रत्येक नटावरून स्प्रॉकेटपर्यंत ऑइल पेंटची एक बारीक सरळ रेघ ओढावी. सकाळी गाडी काढण्यापूर्वी चाकाकडे एक नजर टाकली म्हणजे पुरे. रेघ अखंड असेल तर नट फिरलेला नाही. रेघ तुटलेली दिसली तर त्या दिवशी ओझे लादू नये. बैठकीतील थर चेंगरून गेलेला ताण रेघेवरून कळत नाही. म्हणून बैठक साफ करण्याच्या कामात कसूर होता कामा नये. नटाभोवती तांबूस भुकटी दिसणे, चढावर मागून टकटक आवाज येणे व चेन एका बाजूस घासणे ही स्प्रॉकेट सरकत असल्याची लक्षणे होत.

ज्या बोल्टांस द्रव लावलेला नाही, त्यांचा पीळ मात्र पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर एकदा तपासून घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

भातलावणीपूर्वीच्या सभेत पुढील दोन प्रात्यक्षिके अर्ध्या तासात दाखविता येतात.

पहिले पिळाचे. दोन जाड लोखंडी पट्ट्या ८ मिलिमीटरच्या बोल्टने जोडून शिकंज्यात धराव्यात. पाच जणांस पाळीपाळीने ‘योग्य वाटेल तेवढा’ बोल्ट आवळण्यास सांगावे. प्रत्येक वेळी ताणकाटा लावून बोल्ट आवळण्याच्या दिशेने पुढे सरकण्यास किती किलो ओढ लागते ती फळ्यावर लिहावी व बोल्ट सोडून पुढच्यास द्यावा. पाच जणांचे आकडे सहसा जुळत नाहीत. मग ११ किलोची योग्य ओढ प्रत्येकास स्वतःच्या हाताने देऊ द्यावी. एकदा हाताला ती ओळख पटली म्हणजे ती विसरली जात नाही.

दुसरे द्रवाचे. द्रवाचा एक थेंब काचेच्या तुकड्यावर ठेवावा व दुसरा स्वच्छ नट-बोल्टच्या आट्यांत लावून नट बसवावा. तिसऱ्या नट-बोल्टास अगोदर ग्रीस फासून मग द्रव लावावा. दुसऱ्या दिवशी काचेवरील थेंब ओलाच आढळेल, स्वच्छ आट्यांचा नट पान्याशिवाय हलणार नाही आणि ग्रीस लावलेला नट बहुधा सहज फिरेल. आटे साफ करण्याचे महत्त्व भाषणाने पटत नाही ते यावरून पटते.

हीच तत्त्वे पॉवर टिलरची पाती, मळणी यंत्राच्या कप्प्या व पंपाचा पाया यांच्या बोल्टांसही लागू आहेत. मात्र प्रत्येक यंत्राचा पीळ त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

सारांश

स्वच्छ बैठक, मूळ प्रतीचा बोल्ट, मोजलेला पीळ, मध्यम बळाच्या द्रवाचे एक-दोन थेंब, रात्रभर विसावा आणि रोज सकाळी रंगाच्या रेघेवर एक नजर, एवढे सहा नियम पाळले तर स्प्रॉकेट झिजून बदलण्याची वेळ येईपर्यंत त्याचे बोल्ट सहसा त्रास देत नाहीत. बैलगाडीच्या काळी ओझे भरण्यापूर्वी कण्याची खीळ चाचपून पाहिल्यावाचून गाडीवान बैल जुंपत नसे. पासलीच्या चढ-उतारावर दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्या शेतकऱ्याने तीच सवय मोटारसायकलीस लावून घेणे हितावह आहे.